दीड वर्षाच्या डोसनंतर आठवड्याने पुन्हा ताप आणि अंगावर पुरळ : काय समजावे?

ओवीची आई

नमस्कार. माझी मुलगी ओवी सतरा महिन्यांची आहे. मागच्या आठवड्यात आमच्या भागातील महापालिकेच्या आरोग्य केंद्रात तिला दीड वर्षाचा डोस दिला. डाव्या मांडीत त्रिगुणीचे इंजेक्शन, उजव्या दंडावर गोवर-रुबेलाचे दुसरे इंजेक्शन, पोलिओचे थेंब आणि जीवनसत्त्व ‘अ’चे औषध, असे सगळे एकाच वेळी झाले.

त्याच रात्री तिचे अंग फणफणले. काखेत थर्मामीटर लावला तेव्हा १०२ दिसले. मांडीवर इंजेक्शनच्या जागी लालसर, कडक सूज आली होती आणि लंगोट बदलतानाही ती हात लावू देत नव्हती. सकाळी तिने डावा पाय जमिनीला टेकवलाच नाही. बसल्या बसल्या सरकत ती स्वयंपाकघरापर्यंत आली आणि मला धरून उभी राहिली तीही एकाच पायावर. सिस्टरांनी याची कल्पना दिलेली असल्याने आम्ही घाबरलो नाही. दोन दिवसांत ताप गेला, ती चालू लागली, मांडीत फक्त एक छोटी गाठ हाताला लागत राहिली.

खरी काळजी त्यानंतरची आहे. आठव्या दिवशी तिला पुन्हा ताप आला, या वेळी १०१ पर्यंत. काल संध्याकाळपासून छातीवर आणि पाठीवर फिकट लालसर, अगदी बारीक पुरळ दिसत आहे. खोकला नाही, नाक किंचित वाहते आहे, जेवण निम्म्यावर आले आहे आणि ती सारखी कडेवर राहू पाहते. सासूबाई म्हणतात की हा गोवर उमटला आहे. त्यांनी अंघोळ बंद केली आहे, घरात फोडणी द्यायची नाही असे सांगितले आहे आणि उशाशी कडुलिंबाची डहाळी ठेवली आहे. शेजारच्या काकू म्हणतात की लस अंगावर उठली. माझ्या जाऊबाईंना चौथा महिना आहे, त्यामुळे त्यांनी ओवीला घ्यावे की नाही, हा प्रश्नही घरात आहे. आज रविवार असल्याने आमचे नेहमीचे डॉक्टर उपलब्ध नाहीत. हा ताप लसीचाच असेल, तर इतक्या दिवसांनी कसा आला? उद्यापर्यंत थांबावे की आत्ताच सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) न्यावे?

राजारामपुरीकर

ताई, आधी एवढे सांगा : ती पाणी किंवा दूध घेते आहे का, शेवटची लघवी केव्हा झाली, आणि ताप उतरल्यावर ती खेळते का? आमच्या मुलाच्या वेळी डॉक्टरांनी फोनवर पहिल्यांदा हेच विचारले होते. थर्मामीटरचा आकडा त्यांनी नंतर विचारला.

ओवीची आई

दूध घेते आहे, थोडे थोडे पाणीही पिते. दुपारपासून दोनदा लघवी झाली आहे. औषधाने ताप उतरला की तासभर खेळते, भावाच्या मागे जाते, नंतर पुन्हा मलूल होते.

डॉक्टरकाका

मी निवृत्त बालरोगतज्ज्ञ आहे. मुलीला पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण लसीनंतरच्या कोणत्याही लक्षणाबाबत पहिली चौकशी वेळेचीच करावी लागते. लस कोणती दिली आणि त्यानंतर किती वेळाने काय झाले, हे दोन धागे जुळले तरच ते लक्षण लसीच्या खात्यावर मांडता येते.

त्रिगुणी लसीत घटसर्प आणि धनुर्वात यांची निष्प्रभ केलेली विषद्रव्ये आणि डांग्या खोकल्याचे मारलेले जंतू असतात. त्यांना शरीरात वाढायचे नसते. शरीर त्यांना ओळखते आणि लगेच प्रतिसाद देते. म्हणून त्रिगुणीचा ताप, मांडीची सूज, किरकिर हे सारे पहिल्या चोवीस तासांत सुरू होते आणि बहुधा दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत ओसरते. ओवीचा पहिल्या रात्रीचा ताप या हिशेबात अगदी नीट बसतो.

गोवर-रुबेलाची लस वेगळ्या जातीची आहे. तिच्यात जिवंत पण दुबळे केलेले विषाणू असतात. ते टोचल्यानंतर शरीरात काही दिवस थोडेफार वाढतात आणि मग शरीराचा प्रतिसाद दिसू लागतो. त्यामुळे या लसीचा ताप पहिल्या रात्री न येता साधारण पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो, आणि काही मुलांना सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास फिकट पुरळ येऊन दोनेक दिवसांत जाते. आपण विचारलेत की इतक्या दिवसांनी कसा. या लसीचा ताप असला तर तो इतक्या दिवसांनीच यायला हवा.

येथे मात्र एक सावधगिरी आहे आणि ती मी आवर्जून सांगतो, कारण ती बऱ्याचदा सांगितली जात नाही. हा ओवीचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आहे. नवव्या महिन्यात दिलेल्या पहिल्या डोसने सुमारे ८५ टक्के मुलांमध्ये गोवराविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होते. अशा मुलांना दुसरा डोस दिला की शरीर त्या विषाणूला वाढूच देत नाही आणि म्हणून ताप-पुरळ सहसा येत नाही. उरलेल्या मुलांमध्ये, बहुधा आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे, पहिला डोस लागू पडलेला नसतो. त्यांच्यासाठी हा दुसराच डोस खऱ्या अर्थाने पहिला ठरतो. ओवी त्यांच्यापैकी असू शकते. पण दुसऱ्या डोसनंतरचे पुरळ कमी प्रमाणात दिसते, म्हणून ‘लसीचेच असेल’ असे म्हणून सोडून देण्यापूर्वी दुसरे कारण नाही ना, हे कोणीतरी तपासलेले बरे.

आता दोन गोष्टी घरीच पाहा. पारदर्शक काचेचा पेला पुरळावर हलकेच दाबा आणि काचेतून पाहा. डाग क्षणभर फिकट झाले तर ठीक. दाबूनही लाल-जांभळे ठिपके तसेच राहिले, तर वेळ न घालवता रुग्णालयात जा. रात्र असो वा रविवार. तसे ठिपके गंभीर संसर्गात दिसतात, आणि क्वचित, साधारण ३० ते ४० हजारांत एका मुलाला, गोवराच्या लसीनंतर बिंबाणू (रक्त गोठवणाऱ्या पेशी, प्लेटलेट) तात्पुरते कमी झाल्यानेही दिसतात. दुसरे म्हणजे तिचे डोळे लाल झाले आहेत का आणि ती उजेडाकडे बघायला टाळते का, तेही पाहा.

ओवीची आई

काका, मनापासून आभार. पेला दाबून पाहिला. पुरळ काचेखाली नाहीसे होते आणि पेला काढताच परत दिसते. डोळे स्वच्छ आहेत. आणखी एक शंका आहे. तापाच्या औषधाच्या घरात दोन बाटल्या आहेत. एकीवर १२५ लिहिले आहे, दुसरीवर २५०. यजमानांनी काल औषधाच्या दुकानातून आणलेली दुसरी आहे. दोन्हींचे माप सारखेच घ्यायचे का?

डॉक्टरकाका

सारखे मुळीच घेऊ नका. बाटलीवरचा आकडा म्हणजे दर ५ मिलिलिटर औषधात किती मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे ते. एका वेळची मात्रा वजनावर ठरते : दर किलोला १५ मिलिग्रॅम. मूल दहा किलोचे असेल तर १५० मिलिग्रॅम हवे. म्हणजे १२५ च्या बाटलीतून ६ मिलिलिटर, पण २५० च्या बाटलीतून फक्त ३ मिलिलिटर. तान्ह्या मुलांसाठीचे ड्रॉपरचे थेंब बहुधा आणखी तीव्र असतात, एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, त्यामुळे त्यांचे माप दीड मिलिलिटरच होते. ओवीचे वजन डोसच्या दिवशी कार्डावर लिहिले असेल, ते पाहून हिशेब करा. दोन मात्रांमध्ये किमान चार तास, शक्यतो सहा तास जाऊ द्या आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त वेळा देऊ नका. वापरात एकच बाटली ठेवा, दुसरी उचलून ठेवा. मात्रा दिली की वेळ कागदावर लिहा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणी पुन्हा द्यायला नको.

ॲस्पिरिन लहान मुलांना कधीही देऊ नये. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही औषधेही आपल्या मनाने देऊ नका. विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतर, जेव्हा डेंगी नाकारलेला नसतो.

उचगावचा बाबा

ताईंना घाबरवण्याचा हेतू नाही, पण आमचा अनुभव येथे उपयोगी पडेल असे वाटते. आमच्या मुलाला हाच दीड वर्षाचा डोस दिला होता. पहिल्या दोन दिवसांत त्याला काहीच झाले नाही. चौथ्या दिवशी सकाळी ताप आला आणि घरातले, शेजारचे, अगदी दुकानातले ओळखीचे सगळेच म्हणाले की डोसचा ताप आहे, निघून जाईल. बायकोला ते पटत नव्हते, कारण ताप उतरला तरी तो खेळत नव्हता आणि लघवीच्या वेळी रडत होता. तिने आग्रह धरून त्याला डॉक्टरांकडे नेले. लघवीची तपासणी केली तर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग निघाला. प्रतिजैविक सुरू केल्यावर तो बरा झाला. डॉक्टर म्हणाले की त्रिगुणीच्या तापाला चौथा दिवस उशिराचा आहे आणि गोवर-रुबेलाच्या तापाला लवकरचा, म्हणून त्यांना पहिल्यापासूनच शंका होती.

डॉक्टरकाका

आपल्या पत्नीचे खरोखर कौतुक वाटते. दीड वर्षाच्या मुलाला एरवीही वर्षातून अनेकदा ताप येतोच. त्यातला एखादा ताप डोसनंतरच्या पंधरवड्यात येणार, हे उघड आहे. कान दुखणे, घसा येणे, लघवीचा संसर्ग, डेंगी, गॅस्ट्रो यांपैकी काहीही डोसच्या आगेमागे होऊ शकते आणि डोसचे नाव घेऊन त्या तापाकडे दुर्लक्ष झाले, तर लसीपासून नव्हे, त्या दुर्लक्षापासून मुलाला अपाय होतो. लसीला भिणारी माणसे आणि लसीवर सगळे ढकलून निश्चिंत होणारी माणसे, दोघांच्याही हातून मुलाकडे बघायचे राहून जाते.

सिस्टर, करवीर तालुका

मी ग्रामीण भागात लसीकरणाचे काम करते. प्रत्येक डोसनंतर आम्ही पालकांना चार गोष्टी सांगणे अपेक्षित असते : आज कोणती लस दिली आणि ती कोणत्या आजारासाठी आहे, कोणता त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करायचे, पुढचा डोस केव्हा व कोठे, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचे. गर्दी असली की दुसरी गोष्ट घाईत सांगितली जाते आणि तीही पहिल्या रात्रीच्या तापापुरती. आठवड्यानंतर येणाऱ्या तापाबद्दल आईला आधीच कळले असते, तर आज या ताईंचा जीव इतका टांगणीला लागला नसता. माझ्या सत्रांत मी हे वाक्य आता वेगळे सांगते आणि आशाताईंनाही सांगायला लावते.

डोसनंतर अर्धा तास थांबायला सांगतो, त्याचेही कारण आहे. अंगावर गांधी उठणे, ओठ-चेहरा सुजणे, श्वास घरघरणे, मूल एकदम गळून जाणे अशी तीव्र ॲलर्जी फार विरळा, सुमारे दहा लाख डोसमध्ये एकदा, पण आलीच तर बहुधा काही मिनिटांतच येते आणि त्यावरचे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन आमच्याजवळ तयार असते. बस चुकेल म्हणून दहाव्या मिनिटाला निघू नका.

आणखी एक गोष्ट पालकांनी हक्काने विचारावी. गोवर-रुबेलाची लस पावडरच्या रूपात असते आणि सत्राच्या ठिकाणी द्रावणात मिसळतात. मिसळल्यानंतर ती चार तासांच्या आत वापरायची किंवा सत्र संपताच टाकून द्यायची, आणि कुपीवर उघडल्याची वेळ लिहायची असा नियम आहे. ती वेळ दाखवा म्हटले, तर कोणत्याही चांगल्या सिस्टरला राग येणार नाही. या नियमाचे महत्त्व असे की चुकून जंतू शिरलेली लस दिली गेली, तर काही तासांतच जोराचा ताप, उलट्या, जुलाब सुरू होऊन मूल झपाट्याने खालावते. असे दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

ताई, आपण ओवीला दाखवायला न्याल तेव्हा आरोग्य केंद्रालाही कळवा. लसीनंतरच्या त्रासाची नोंद ठेवण्याची व्यवस्था आहे. गंभीर घटना तर चोवीस तासांच्या आत वर कळवावी लागते. शिवाय ताप आणि पुरळ असलेल्या प्रत्येक मुलाची गोवर सर्वेक्षणात नोंद होते. तक्रार करतो आहोत असे मनात आणू नका, ही नोंद सगळ्यांच्याच उपयोगाची असते.

कागलच्या आजी

मी सत्तरी ओलांडलेली आहे, नातवाच्या मदतीने लिहिते आहे. गोवराची लस सरकारी लसीकरणात १९८५ पासून आली. माझी मुले त्याआधीची, त्यामुळे खरा गोवर मी घरात पाहिला आहे. तीन-चार दिवस आधीपासून कडक ताप, कोरडा खोकला, नाकाडोळ्यांतून पाणी, डोळे लालभडक. मूल खिडकीकडे पाठ करून पडायचे. मग कानामागून आणि कपाळावरून पुरळ सुरू होऊन तोंड भरून जायचे आणि नंतर पोटावर, पायांवर उतरायचे. गल्लीत एका घरी आला की सगळ्या घरांत यायचा. माझ्या धाकट्याचा कान त्यानंतर वर्षभर वाहत होता. गल्लीतली एक मुलगी त्यातच न्यूमोनिया होऊन गेली.

ओवीच्या आजी घाबरल्या आहेत त्या याच आठवणीने, हे सूनबाईंनी समजून घ्यावे. त्यांनी पाहिलेला गोवर लहान नव्हता. कडुलिंबाची डहाळी उशाशी राहू द्या, तिने काही बिघडत नाही आणि त्यांच्या मनाला धीर येतो. पण कोमट पाण्याने अंग पुसू द्या, सुती सैल झबले घाला आणि मुलीला जेवण तोडू नका. वरणभात, मऊ खिचडी, ताक, जे आवडेल ते थोडे थोडे द्या. तापात उपाशी ठेवल्याने आमच्या काळी मुले फार खंगायची. मी स्वतः बोलले असते तर त्यांना सांगितले असते की वन्सं, फोडणी नसली तर नसू दे, पण पोरीला दवाखान्यात जाऊ दे.

ओवीची आई

आजी, आपला प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की त्यांच्या माहेरीही असेच झाले होते. आम्ही आता ओवीला घेऊन निघतो आहोत, त्या सोबत येत आहेत.

मंगळवार पेठ

ताई परत येईपर्यंत एक प्रश्न विचारतो. आमच्या नात्यातल्या गटावर सारखे संदेश येतात की गोवराच्या लसीने मुले स्वमग्न होतात. माझ्या पुतण्याला दीड वर्षाचा डोस दिल्यानंतरच्या महिन्यांत तो बोलायचा कमी झाला, असे वहिनींना ठामपणे वाटते. त्यांनी पुढचे सगळे डोस थांबवायचे ठरवले आहे. त्यांना काय सांगावे? खासगी दवाखान्यात मिळणारी न दुखणारी लस घेतली, तर हा धोका टळतो का?

डॉक्टरकाका

वहिनींना आधी सांगा की त्यांचे निरीक्षण खरे असू शकते आणि त्याकडे कोणीही दुर्लक्ष करता कामा नये. मूल बोलायचे कमी झाले असेल, तर विकासात्मक तपासणी आणि श्रवणचाचणी ताबडतोब करून घ्यावी. पण लसीचा त्याच्याशी संबंध जोडणे बरोबर नाही. हा समज १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, अवघ्या बारा मुलांवरच्या एका लेखातून पसरला. तो लेख २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला आणि त्याचा मुख्य लेखक अँड्र्यू वेकफिल्ड याचे नाव त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढून टाकले गेले. त्यानंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांवर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेच्या बाबतीत फरक आढळला नाही.

मी वर म्हणालो की वेळ जुळली तरच लसीचे नाव घ्यावे. पण नुसती वेळ जुळणे पुरेसे नसते, हे या उदाहरणातून दिसते. मुलाने बोलायला, बोट दाखवायला, नावाला ओ द्यायला लागायचे वय साधारण तेच, ज्या वयात हा डोस दिला जातो. उणीव लक्षात येण्याचा काळ आणि डोसचा काळ एकच असल्यामुळे आईच्या मनात त्यांची गाठ बसते. ती सुटायला लाखो मुलांची तुलनाच करावी लागते.

न दुखणाऱ्या लसीविषयी : त्या त्रिगुणीत डांग्या खोकल्याचा पूर्ण जंतू नसून त्याचे निवडक भाग असतात. त्यामुळे ताप आणि सूज कमी येते, हे खरे. पण तिचे संरक्षण पूर्ण जंतूच्या लसीपेक्षा लवकर उतरते. गोवराच्या लसीशी तिचा काही संबंध नाही, त्यामुळे आठवड्यानंतरचा ताप तिने टळणार नाही. आधीच्या डोसनंतर झटका आला असेल, किंवा पहिल्या दोन दिवसांत मूल तीन तासांहून अधिक अखंड किंचाळत रडले असेल किंवा एकदम पांढरे पडून ढिले झाले असेल, तर पुढील डोसआधी डॉक्टरांशी बोलून या लसीचा विचार करावा. लसीनंतर आठवड्याच्या आत मेंदूला बाधा झाली असेल, तर डांग्या खोकल्याचा घटक असलेली लस पुन्हा देत नाहीत, आणि तीव्र ॲलर्जी आली असेल, तर ती लसच पुन्हा देत नाहीत. साधा ताप, सूज आणि रडणे ही डोस थांबवण्याची कारणे नव्हेत. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली आणि मुले दगावली, हे वहिनींना जरूर सांगा.

राजारामपुरीकर

काका, झटक्याचा उल्लेख केलात म्हणून विचारतो. तापात आकडी आली तर घरी काय करावे? आमच्याकडे कांदा किंवा चप्पल हुंगायला देतात.

डॉक्टरकाका

कांदा, चप्पल काहीही नको. मुलाला जमिनीवर एका कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ बोलवा किंवा थेट रुग्णालय गाठा. थांबली तरी पहिली आकडी असेल, तर त्याच दिवशी दाखवा. सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना कोणत्या ना कोणत्या तापात अशी आकडी येते. गोवराच्या लसीनंतर, तापाच्याच त्या दिवसांत, ती सुमारे तीन हजारांत एका मुलाला येते. दिसायला अतिशय भयंकर असते, पण अशा साध्या आकडीने मेंदूला कायमची इजा होत नाही.

ओवीची आई

दोन दिवसांनी लिहिते आहे. रविवारी ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ओवीला नीट तपासले. कान, घसा, तोंडाचा आतला भाग, छाती, मान, सगळे पाहिले. लघवी तपासली, रक्ताच्या तपासणीत बिंबाणूही मोजले. दोन्ही ठीक आले. कार्डावरची तारीख पाहून त्यांनी सांगितले की हा गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप असण्याची शक्यता जास्त आहे, तरी आणखी दोन दिवसांत ताप गेला नाही तर परत आणा. काल सकाळपासून ताप नाही आणि पुरळ आज जवळजवळ दिसत नाही. जाऊबाईंविषयी विचारले तेव्हा डॉक्टर म्हणाले की लसीमुळे आलेले पुरळ दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे त्या ओवीला निर्धास्त घेऊ शकतात. शंका खऱ्या गोवराची असती, तर मात्र लांब राहायला सांगितले असते. सासूबाईंनी घरी येताच ओवीला कोमट पाण्याने अंघोळ घातली.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना कळवले. त्यांनी नोंद घेतली. मांडीतली गाठ मात्र अजून आहे. दुखत नाही, पण बोटाखाली सरकते.

सिस्टर, करवीर तालुका

फार बरे वाटले. त्रिगुणीनंतरची अशी न दुखणारी गाठ काही आठवडे राहू शकते आणि आपोआप विरते. तिला चोळू नका, गरम शेक देऊ नका, हळद-चुना किंवा दुसरा कसलाही लेप लावू नका. ती वाढू लागली, लाल आणि गरम झाली, मऊ पडली किंवा हात लावताच ओवी रडू लागली, तर पू झाला असण्याची शक्यता असते, तेव्हा दाखवा. कार्डावर पुढचे पाहून ठेवा : जीवनसत्त्व ‘अ’ दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, आणि त्रिगुणीचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान.

फुलेवाडीची आई

पूर्ण धागा वाचला. माझ्या मुलाचा दीड वर्षाचा डोस या आठवड्यात आहे. जाण्यापूर्वी तापाचे औषध आधीच देऊन ठेवावे का? आणि त्याला सध्या थोडी सर्दी आहे, तर डोस पुढे ढकलावा का?

सिस्टर, करवीर तालुका

औषध आधी देऊ नका. ताप आला किंवा मूल दुखण्याने बेचैन झाले तरच द्या. साध्या सर्दीसाठी डोस ढकलायची गरज नसते, जोराचा ताप किंवा दुसरा गंभीर आजार असेल तरच थांबतो. त्याला खाऊ-पिऊ घालून आणा, मांडी सहज मोकळी करता येईल अशी चड्डी घाला आणि केंद्रात वजन करून ते कार्डावर लिहून घ्या, कारण औषधाचे माप त्यावरूनच ठरेल. डोसच्या तारखेपासून बारा दिवस मोजून पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या तारखा दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा आणि त्या दिवसांत गावाला जाणार असाल, तर थर्मामीटर, औषध आणि कार्ड सोबत घ्या.